लाकडी पूल कुजतो कुठे आणि पेटतो कुठून?

मागील अंकात या सदरात स्वित्झर्लंडमधील लुसर्न शहराच्या छपरी लाकडी पुलाचे छायाचित्र छापून त्याखाली चार ओळींचे टिपण दिले होते. चौदाव्या शतकात रॉइस नदीवर बांधलेला हा ‘कापेलब्र्युके’ म्हणजे प्रार्थनामंदिराचा पूल १९९३ साली एका रात्रीत बराचसा जळाला आणि आठ महिन्यांत पुन्हा उभा राहिला, एवढाच त्या टिपणाचा मजकूर होता. त्यावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. त्यांतली निम्म्याहून अधिक पत्रे लुसर्नविषयी नसून कोकणातल्या साकवांविषयी, म्हणजे ओढ्यांवरच्या लहान लाकडी पुलांविषयी असतील, असे तर मुळीच वाटले नव्हते. त्यांतील काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी लुसर्नचा पूल पाहिला. खाली बारमाही वाहती नदी असताना लाकडाचा पूल शतकानुशतके कुजला नाही आणि मग एका रात्रीत जळाला कसा, हे कोडे उलगडत नाही. (एक वाचिका, पुणे)

उत्तर : आपल्या कोड्याचे दोन्ही भाग एकाच ठिकाणी सुटतात, आणि ते ठिकाण म्हणजे त्या पुलाचे छप्पर.

लाकूड पाण्याने कुजते असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात ते कुजवते बुरशी, आणि या बुरशीला जगण्यासाठी ओल, हवा, ऊब आणि खाद्य अशा चारही गोष्टी एकाच वेळी लागतात. खाद्य म्हणजे खुद्द लाकूड, तेव्हा ते काढून घेता येत नाही. ऊबही आपल्या हातात नसते. उरतात ओल आणि हवा. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी पाणी त्यात असेल, तर बुरशीला मूळ धरता येत नाही. ते प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर बराच काळ राहिले, की तिचे काम सुरू होते. पावसाची एक सर येऊन गेली आणि दुपारी ऊन पडले, तर लाकूड वरवर भिजते व सुकते. त्याने विशेष बिघडत नाही. बिघडते ते पाणी मुक्काम करते तेथे. छपराखालच्या पुलावर पाऊस थेट पडत नाही आणि नदीवरून वाहणारा वारा लाकूड सतत सुकवत राहतो. खाली कितीही पाणी वाहत असले, तरी त्या वाफेने वरच्या तुळया कुजण्याइतक्या ओल्या होत नाहीत. युरोप आणि अमेरिकेतल्या सुतारांनी पुलांवर छपरे घातली ती वाटसरू भिजू नयेत म्हणून, असा अनेकांचा समज असतो. वाटसरूंची सोय झालीच, पण छपराचे मुख्य काम खालच्या कैचीचे, म्हणजे भार पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याचे सांधे कोरडे ठेवण्याचे होते. उघडा पूल जेथे पंधरा-वीस वर्षांत मोडकळीस येई, तेथे छपराखालचा पूल शंभर वर्षे सहज काढत असे.

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. पूर्णपणे आणि कायम पाण्याखाली असलेले लाकूडही कुजत नाही, कारण तेथे हवा मिळत नाही. श्रीनगरला झेलमवर सुलतान झैन-उल-आबिदीन याने १४२७ साली बांधलेला झैना कदल आणि त्याच्या जातीचे इतर जुने पूल देवदाराच्या ओंडक्यांवर ओंडके आडवे-उभे रचून आणि मध्ये दगड भरून केलेल्या पायांवर उभे होते. त्या पायांचा तळचा भाग पाण्यात असे आणि वरचा वाऱ्यावर. धोका असतो तो मधल्या पट्ट्याला, म्हणजे पाण्याची पातळी जेथे वर-खाली होते आणि लाकूड आज भिजलेले तर उद्या अर्धवट सुकलेले असते तेथे. जमिनीत पुरलेल्या कुठल्याही खांबाची मान मातीच्या रेघेशीच मोडते, त्याचेही कारण हेच. कुंपणाचे मेढे दर दोन-चार वर्षांनी बदलणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे सांगायला नको.

आता आग. जे छप्पर पाणी बाहेर ठेवते, तेच धूर आणि तप्त वायू आत ठेवते. उघड्या पुलावर ज्वाला वर जाऊन विरते. छपराखाली ती वर जाऊन अडते, आडवी वळते आणि छपराच्या कोरड्या, पातळ फळ्यांखालून पुलाच्या लांबीने धावू लागते. १९९३ सालच्या १८ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर लुसर्नला हेच झाले. पुलाखाली बांधलेल्या एका बोटीला प्रथम आग लागली, बहुधा टाकून दिलेल्या सिगारेटने, असा कयास आहे. तेथून ती पुलात चढली. जवळजवळ दोनशे मीटर लांबीच्या पुलाचा मधला मोठा भाग गेला. छपराखालच्या त्रिकोणांत बसवलेल्या सतराव्या शतकातल्या चित्रफलकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नष्ट झाले. दोन्ही टोके आणि शेजारचा दगडी जलबुरूज तेवढे वाचले. पूल १४ एप्रिल १९९४ रोजी पुन्हा खुला झाला. पाण्याशी इतका दीर्घकाळ निभावून नेलेला पूल पाण्याच्याच बाजूने आलेल्या आगीत गेला, ही गोष्ट मला आजही विचित्र वाटते.

प्रश्न : आमच्या वाडीतून शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर वहाळ (ओढा) आहे आणि त्यावर ऐनाच्या दोन तुळया टाकून वर फळ्या ठोकलेला साकव आहे. तो घालून नऊ वर्षे झाली. वरून फळ्या ठणठणीत दिसतात; पण गावातले सुतार म्हणतात की साकव आतून गेला आहे. खरे-खोटे कसे ओळखावे? (एक वाचक, दापोली तालुका, याच आशयाची पत्रे राजापूर, सावंतवाडी आणि डिचोलीहूनही आली आहेत.)

उत्तर : आपल्या सुतारांवर विश्वास ठेवावा, असेच मी आधी सांगेन. तरीही पारख कशी करायची ते लिहितो, कारण प्रत्येक वाडीत जाणता सुतार असतोच असे नाही.

साकव वरून पाहू नये. फळी उचलून पाहावा. काही वर्षांपूर्वी असाच एक साकव मी पाहिला होता. फळ्या खरोखरच चांगल्या होत्या. दोन फळ्यांच्या फटीतून नेच्याचे एक कोवळे पान मात्र बाहेर आले होते. नेचा उगवायला माती लागते आणि ती माती तुळईच्या माथ्यावर होती. फळी काढल्यावर दिसले ते असे : तुळईच्या वरच्या अंगावर फळीच्या रुंदीएवढा काळपट पट्टा, त्यावर कुजलेल्या पानांचा बोटभर थर, आणि प्रत्येक मोळ्याच्या भोवती शाईचा डाग पडावा तसे काळे वर्तुळ. मोळ्याच्या भोकाशी पटाशी टेकवून हाताने नुसती दाबली, तर ती तीन बोटे आत गेली आणि बाहेर आलेला भुगा ओल्या तंबाखूसारखा मऊ होता. त्याच तुळईच्या दोन्ही बाजूंवर हातोडी मारली, तर खणखणीत आवाज येत होता. बाहेरच्या बाजूने तुळई निरोगी होती आणि ज्या माथ्यावर फळ्यांचा व माणसांचा भार येतो, तेथेच ती पोखरली गेली होती.

म्हणून पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. फळी आणि तुळई जेथे एकमेकींवर टेकतात तो सांधा पहिला. तुळईची दोन्ही टोके जेथे काठावरच्या दगडी बांधकामात किंवा मातीत शिरतात, ती जागा दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत वाईट. लाकडाच्या नळ्या त्याच्या लांबीच्या दिशेने असतात. त्यामुळे कापलेले टोक बाजूच्या अंगापेक्षा कितीतरी पटींनी वेगाने पाणी ओढते. अशी दोन तहानलेली टोके आपण ओल्या मातीत गाडून ठेवतो आणि वरच्या फळ्यांना मात्र रंग देतो! कठड्याचे खांब ज्या खोबणीत बसवलेले असतात, त्या खोबणीचा तळही पाहावा, कारण पाणी तेथे वाटीत साठावे तसे साठते.

तपासणी पावसाळा संपल्यावर दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास करावी. त्या वेळी निरोगी भाग सुकलेला असतो, पण आतून कुजलेला भाग अजून ओला असतो, त्यामुळे फरक लवकर कळतो. हातोडीचा आवाज भद्द आला, पटाशी सहज शिरली, किंवा पटाशीच्या टोकाने उचकटलेली ढलपी लांब तंतूंनी न फाटता बिस्किटासारखी तुकडा पडून निघाली, तर ते लाकूड कुजले आहे असे समजावे. वाळवी असेल तर काठावरच्या दगडांवरून तुळईपर्यंत मातीची बोटाएवढी नळी चढलेली दिसेल. नुसती नळी खरवडून टाकल्याने वाळवी जात नाही. पण ती कोणत्या वाटेने येते, हे तरी त्यावरून समजते.

आपल्या साकवाच्या तुळईत पटाशी शिरत असेल, तर मुलांची ये-जा तूर्त दुसऱ्या वाटेने करावी आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्याकडे लेखी कळवावे. नवी तुळई घालायची झाली, तर साल आणि सालीलगतचे पांढरे लाकूड काढून फक्त गाभ्याचे लाकूड वापरावे, कारण ऐन काय किंवा साग काय, त्यांचा टिकाऊपणा गाभ्यात असतो आणि पांढरा भाग कुठल्याही साध्या झाडासारखाच कुजतो. टोके मातीत न गाडता दगडावर ठेवावीत आणि टोकाच्या मागे-बाजूला चार बोटे हवा खेळेल अशी मोकळी जागा सोडावी. तुळईच्या माथ्यावर तिच्यापेक्षा थोडी रुंद, दोन्हीकडे उतरती अशी पत्र्याची किंवा डांबरी फेल्टची पट्टी घालून मग फळ्या ठोकाव्यात. दोन फळ्यांत आठ-दहा मिलिमीटर फट ठेवावी आणि ती फट वर्षातून दोनदा खराट्याने नव्हे, सळईने साफ करावी. एवढे केल्यास कुठलेही औषध न लावताही साकवाचे आयुष्य लक्षणीय वाढते.

प्रश्न : आमच्याकडे साकवाला दरवर्षी गाडीचे जळके काळे ऑइल लावतात. काही जण डांबर लावा म्हणतात. चांगले काय? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : दोन्ही नकोत.

जळके ऑइल लाकडात खोल जात नाही. वरच्या एक-दोन मिलिमीटरांत राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात त्याचा तवंग वहाळात उतरतो. त्या पाण्यावर पुढे कोणाची तरी विहीर किंवा गुरांचा पाणवठा असतो. इंजिनात वापरून झालेल्या तेलात आरोग्यास घातक द्रव्ये असतात, हे लक्षात घेता ओढ्यावरच्या लाकडाला ते चोपडणे गैरच आहे. शिवाय फाल्गुन-चैत्रात डोंगराला वणवा लागतो, तेव्हा हेच तेल लावलेले लाकूड आधी पेट घेते. डांबराची गोष्ट थोडी निराळी आहे. पूर्ण सुकलेल्या लाकडाच्या कापलेल्या टोकांना डांबराचा लेप देणे उपयोगाचे असते, कारण पाणी ओढणारी नळ्यांची तोंडे बंद होतात. संपूर्ण तुळईला चारही बाजूंनी डांबर फासले, तर मात्र आत राहिलेली आणि भेगेतून शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही व लाकूड काळ्या चकचकीत कातडीच्या आत निवांत कुजत राहते. अशा तुळईची तपासणीही करता येत नाही.

प्रश्न : मग लाकडाला लावायचे खरे औषध कोणते? विजेच्या जुन्या खांबांना हिरवट रंग असतो, ते काय आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तो हिरवट रंग तांब्याचा, आणि त्याचा इतिहास आपल्याच देशातला आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम या शास्त्रज्ञांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण शोधून काढले. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक वाळवी आणि इतर किडींना मारते, आणि क्रोमियम या दोहोंना लाकडाच्या तंतूंशी असे बांधून टाकते की पावसाने ते सहसा धुऊन जात नाहीत. पुढे ‘सीसीए’ या आद्याक्षरांनी हे मिश्रण जगभर गेले आणि विजेचे खांब, धक्के, पूल यांसाठी कित्येक दशके वापरले गेले. त्याच्या आधी राज्य होते क्रिओसोटचे. दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेल्या या तेलाने लाकूड दाबाखाली मुरवण्याची रीत इंग्लंडमध्ये जॉन बेथेल यांनी १८३८ साली पेटंट केली. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांना उन्हाळ्यात येणारा उग्र वास ज्यांच्या नाकात अजून आहे, त्यांना क्रिओसोट म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

या दोन्ही औषधांचा खरा गुण ती लाकडात किती खोल जातात यावर अवलंबून असतो, आणि कुंचल्याने ती खोल जात नाहीत. बंद टाकीत लाकूड ठेवून आधी आतली हवा खेचून घेतात, मग द्रावण दाबाखाली आत घुसवतात. तरीही घट्ट गाभ्यात ते फारसे शिरत नाही. पांढऱ्या लाकडात मात्र चांगले मुरते. त्यामुळे साग-ऐनाच्या गाभ्यावर खर्च करण्यापेक्षा निलगिरी किंवा चीड यांसारख्या लाकडांच्या पांढऱ्या भागाला दाबप्रक्रिया करून घेणे अधिक फायद्याचे ठरते. आपल्याकडे यासाठी ‘आयएस ४०१’ हे भारतीय मानक आहे. लाकूड विकत घेताना प्रक्रिया त्यानुसार झाली आहे का, हे विचारावे. सर्व कापाकापी आणि भोके प्रक्रियेच्या आधी करून घ्यावीत. प्रक्रिया झालेली तुळई जागेवर आणून करवतीने बोटभर कापली, तर आतले कोरे लाकूड उघडे पडते आणि आपण बुरशीला आयतेच दार उघडून देतो.

आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००४ पासून घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी हे मिश्रण बंद झाले आणि त्याची जागा तांब्याच्या इतर संयुगांनी घेतली. कठडा, म्हणजे जेथे रोज हात लागतो तो भाग, अशा लाकडाचा करू नये. उरलेले तुकडे चुलीत किंवा शेकोटीत तर कधीही घालू नयेत, कारण त्यांचा धूर आणि राख दोन्ही विषारी असतात.

छपराखालच्या लाकडासाठी सौम्य पर्याय म्हणजे टाकणखार आणि बोरिक ॲसिड यांचे द्रावण. ते ओल्या लाकडात आपोआप खोल झिरपते, वाळवीलाही सहन होत नाही आणि आगीलाही थोडासा विरोध करते. त्याचा दोष एकच, पण मोठा : पावसात ते धुऊन जाते. उघड्या साकवाला ते लावणे म्हणजे वहाळाला औषध पाजणे होय.

प्रश्न : लाकूड पेटू नये म्हणून अग्निरोधक रंग मिळतात. ते लावले तर पूल जळणार नाही, असे समजावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तसे समजू नये. हे रंग दोन प्रकारचे असतात. काही तापल्यावर फुगतात आणि फेसासारखा जाड थर तयार करून उष्णता अडवतात. दुसऱ्या प्रकारात फॉस्फेट किंवा बोरेट यांचे क्षार लाकडात मुरवतात, त्यामुळे ज्वाला पसरण्याचा वेग मंदावतो. दोन्हींचा उद्देश वेळ मिळवून देण्याचा आहे. घराच्या आत ते वर्षानुवर्षे टिकतात. पुलावर ऊन, पाऊस आणि पायांची झीज असते. शिवाय साधे क्षार हवेतील ओल शोषून घेतात आणि लोखंडी मोळे-बोल्ट गंजवतात, म्हणजे आगीवरचा उपाय कुजण्याला मदत करतो. बाहेरच्या वापरासाठी खास बनवलेले प्रकार असतात. तेच घ्यावेत आणि बनवणाऱ्याने दिलेल्या मुदतीत पुन्हा लावावेत.

खरी सुरक्षितता तुळईच्या जाडीत असते. लाकूड साधारण ३०० अंश सेल्सिअसला कोळसा होऊ लागते आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो. जोरदार आगीत लाकूड मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर या गतीने आत जळत जाते. जड, घट्ट लाकूड त्याहून थोडे हळू. आता हिशेब करून पाहावा. अर्ध्या तासात प्रत्येक उघड्या बाजूने सुमारे २० मिलिमीटर जाते. ४० मिलिमीटर जाडीची फळी दोन्ही बाजूंनी पेटली, तर अर्ध्या तासात ती उरतच नाही. २५० मिलिमीटर रुंदीची तुळई तेवढ्याच वेळात २१० मिलिमीटर उरते आणि बहुधा भार पेलत राहते. याच कारणाने पातळ लोखंडी पट्ट्या आणि उघडे बोल्ट लाकडाच्या आत दडवून बसवणे शहाणपणाचे असते. लोखंड जळत नाही हे खरे, पण ५५०–६०० अंशांच्या आसपास त्याचे निम्मे बळ गेलेले असते, आणि मग तुळई शाबूत असताना सांधा सुटतो.

आग रोखण्याचे सर्वांत स्वस्त काम खराटा आणि विळा यांनी होते. फळ्यांच्या फटींत, तुळईच्या माथ्यावर आणि काठाच्या दगडांच्या कोपऱ्यांत जो पाला-पाचोळा साठतो, तो आषाढात ओल धरून लाकूड कुजवतो आणि फाल्गुनात वाळून वणव्याच्या ठिणगीला आपल्याकडे बोलावतो. जागा तीच आणि कचराही तोच. पुरात वाहून आलेली आणि खांबांना अडकलेली लाकडे-झावळ्याही पाणी ओसरल्यावर काढाव्यात, कारण उन्हाळ्यात त्या पुलाखाली रचलेल्या सरणासारख्या होतात. काठाच्या दोन्ही बाजूंचे गवत होळीच्या आधी कापावे. साकवाखाली सावली असते म्हणून तेथे चूल मांडणारी, विड्या ओढत बसणारी मंडळी सर्वत्र असतात. त्यांना सांगावे लागते.

मोठ्या छपरी पुलांना एवढ्याने भागत नाही. चीनच्या फूच्येन प्रांतातील फिंगनान परगण्यात वान-आन नावाचा सुमारे ९८ मीटर लांबीचा छपरी लाकडी पूल होता. त्याची परंपरा सोंग राजवटीपर्यंत नेली जाते. ६ ऑगस्ट २०२२ च्या रात्री त्याला आग लागली आणि पाहता पाहता त्याचा लाकडी भाग कोसळून दगडी पाये तेवढे उरले. लाकडी कमानींचे असे पूल बांधण्याचे कसब युनेस्कोने २००९ सालीच तातडीने जपण्याच्या यादीत घेतले होते. पण कसब यादीत असल्याने आग अडत नाही. आग लहान असतानाच कळवणारी उष्णतासंवेदी तार छपराखालून फिरवणे, पाण्याची जोडणी पुलाच्या दोन्ही टोकांना ठेवणे आणि छपराखालची लांब पोकळी मध्ये-मध्ये आडव्या भिंतींनी तोडणे, ही कामे अशा पुलांना हवीत. विजेच्या जुन्या तारा आणि सणासुदीची रोषणाई यांच्याकडेही पाहावे. देवळाच्या लाकडी सभामंडपाला जे लागू, ते छपरी पुलालाही लागू आहे.

प्रश्न : खाडीतल्या लाकडी जेटीचे खांब पाण्यात असूनही आतून चाळणीसारखे होतात. वरच्या उत्तरांप्रमाणे ते टिकायला हवेत ना? (एक वाचक, मालवण)

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे आणि पाण्याखालचे लाकूड टिकते हा नियम गोड्या पाण्यापुरता धरावा. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा जो ‘किडा’ म्हणतात तो किडा नसून शिंपल्याच्या कुळातला मऊ, लांबट प्राणी असतो. त्याचे कवच डोक्याशी उरलेले असते आणि तो त्याचा कानशीसारखा उपयोग करून लाकडात भुयार खणतो. बाहेर टाचणीएवढे भोक आणि आत बोट जाईल एवढी पोकळी, अशी स्थिती होते. होड्या वेळोवेळी किनाऱ्यावर ओढून सुकवतात आणि त्यांना माशाचे तेल किंवा काजूच्या टरफलाचे तेल लावतात, त्यामागे हेही एक कारण आहे. खांब काही सुकवायला बाहेर काढता येत नाही. खाडीत नवे खांब घालायचे असतील, तर दाबप्रक्रिया केलेले लाकूडही पुरेसे समजू नये. खांबांना बाहेरून घट्ट वेष्टण घालावे किंवा पाण्यातला भाग काँक्रीटचा करावा.

प्रश्न : जपानमधील लाकडी कमानींचा पूल ते लोक दर काही वर्षांनी स्वतःच मोडून नवा बांधतात, असे वाचले. चांगले लाकूड वापरले तर अशी वेळ का यावी? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : आपण इवाकुनी शहरातील किंताई पुलाविषयी विचारत असाव्यात. पाच कमानींचा हा पूल १६७३ साली बांधला आणि पुढच्याच वर्षी पुराने नेला. दगडी पाये अधिक पक्के करून तो लगेच पुन्हा उभारला आणि मग १९५० च्या वादळातल्या महापुरापर्यंत, म्हणजे सुमारे पावणेतीनशे वर्षे, तो उभा होता. या काळात त्याच्या मधल्या कमानी साधारण वीस वर्षांनी आणि कडेच्या साधारण चाळीस वर्षांनी बदलण्याचा रिवाज होता. १९५३ साली तो पुन्हा बांधला आणि २००१ ते २००४ या काळात त्याच्या कमानी पुन्हा नव्याने घातल्या.

या पुलावर छप्पर नाही, हे आधी लक्षात घ्यावे. उघड्या पुलाचे लाकूड वीस-चाळीस वर्षांत जाणारच, हे तेथील कारागिरांनी मान्य केले होते आणि लाकूड पूर्ण जाण्याआधीच ते बदलण्याची तारीख ठरवून टाकली. सुतारांच्या प्रत्येक पिढीला तो पूल एकदा तरी आपल्या हातांनी जोडावा लागे, त्यामुळे सांध्यांचे ज्ञानही नुसते कागदावर राहत नसे. आपल्याकडे आगोटीच्या, म्हणजे पावसाळा सुरू होण्याच्या आधी वाडीने एकत्र येऊन साकव घालण्याची पद्धत होती, तीत हाच विचार लहान प्रमाणावर होता. दोन पोफळी, थोडे बांबू आणि एक दिवसाचे श्रम. पुढच्या वर्षी पुन्हा नवा. त्या साकवाकडून कोणी तीस वर्षांची अपेक्षा केली नाही आणि म्हणून तो कोणाच्या पायाखाली अचानक मोडलाही क्वचितच. आजचा अडचणीचा साकव तो, जो कायमचा म्हणून बांधला जातो आणि मग विसरला जातो.

प्रश्न : मोळे लोखंडाचे वापरावेत की बोल्ट? आमच्या फळ्यांवर मोळ्यांभोवती काळे डाग पडतात. (एक वाचक, कारवार)

उत्तर : ऐन, खैर, साग अशा लाकडांत तुरटपणा असतो, ओल्या लोखंडाशी त्याची गाठ पडली की काळी शाई तयार होते. नुसता डाग असेल तर काळजीचे कारण नाही. पण डागाच्या जागी ओल टिकते आहे, एवढी सूचना त्यातून मिळते. जस्ताचा जाड मुलामा दिलेले बोल्ट आणि खाली रुंद वॉशर वापरावेत, समुद्राजवळ परवडल्यास स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. भोक बोल्टच्या मापाचेच पाडावे आणि बोल्ट बसवण्याआधी त्यात लाकडाचे औषध ओतून ते मुरू द्यावे. बोल्टचे डोके फळीत खोलवर बुडवू नये, कारण तेवढ्या खड्ड्यातही पाणी साठते. लाकूड सुकून आकसते, त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यानंतर बोल्टांच्या सगळ्या चाक्या (नट) एकदा पाना लावून आवळाव्यात.